गोल्फची हिरवळ आणि मराठवाड्याचे पाणी

केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने विशेष आवडीच्या पर्यटनप्रकारांमध्ये गोल्फलाही मानाचे पान दिलेले आहे. जगात एक सधन प्रवासीवर्ग असा आहे, की जो देवदर्शनासाठी निघत नाही आणि लेणी-किल्ले पाहण्यासाठीही निघत नाही. काठ्यांची पिशवी बरोबर घेऊन नवनव्या मैदानांवर गोल्फ खेळावा, एवढ्याच हेतूने तो देशोदेशी हिंडतो. हा प्रवासी चार दिवस राहतो, हात सैल सोडून खर्च करतो आणि मैदान मनास आले तर पुन्हा येतो. साहजिकच त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी देशादेशांत आणि राज्याराज्यांत चढाओढ आहे.

नांदेडच्या शिक्षकाला, लातूरच्या कारकुनाला किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याला या खेळाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फची काठी हातात धरलेली नाही आणि पुढेही धरण्याचा योग फारसा नाही. परंतु विकासाची कल्पना ज्या वाटेने येते, त्या वाटेवर आपली शेते, आपली गायराने आणि आपले जलाशय लागतात. धरणाच्या काठावर हिरवेगार मैदान, त्याच्या कडेने बंगले, तरण तलाव आणि विश्रामधाम, असे चित्र उद्या मराठवाड्यापुढे मांडले गेले तर ते मोहक दिसेल यात शंका नाही. मोहक गोष्टीचा हिशेब आधी करावा, भुलायचे असेल तर नंतर भुलावे, हे शहाणपण दुष्काळी मुलखाला तरी शिकवावे लागू नये.

खेळ आणि भूमी

गोल्फ म्हणजे काय, हे विटीदांडू खेळलेल्या माणसाला समजावून सांगणे अवघड नाही. एका ठरावीक जागेवरून लहानसा चेंडू टोलवायचा आणि कमीत कमी टोल्यांत तो दूरच्या एका गलीत घालायचा. अशा अठरा गली पुऱ्या केल्या, की एक डाव झाला. प्रत्येक गलीभोवती अतिशय बारीक कापलेल्या गवताचा गालिचा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. प्रारंभाच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचा राखलेला पट्टा म्हणजे फेअरवे. अधूनमधून वाळूचे खड्डे, पाण्याची डबकी, झाडी आणि उंच गवत यांचे अडथळे असतात. अठरा गलींचे अंतर जमेस धरले तर खेळाडूला साधारण सहा किलोमीटरांची चाल पडते. क्रिकेटचे मैदान कोठेही गेले तरी सपाटच असायचे. गोल्फचे मात्र एक मैदान दुसऱ्यासारखे नसते. चढउतार, वारा, माती, झाडे यांच्यासह ती भूमीच खेळाडूचा प्रतिस्पर्धी असते. गोल्फचा खेळाडू प्रवासी होतो तो यामुळे.

भारतात अशा प्रवाशाला दाखवण्याजोगे पुष्कळ आहे. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरची ही जगातली सर्वांत जुनी गोल्फसंस्था होय. काश्मीरमध्ये गुलमर्गचे मैदान साडेआठ हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. सिमल्याजवळच्या नालदेहऱ्याचे देवदार लॉर्ड कर्झनला इतके आवडले, की त्याने तेथे मैदान आखविले आणि आपल्या एका मुलीच्या नावातही त्या जागेचे नाव गुंफले. शिलाँगचे मैदान पाईन वृक्षांच्या दरीत पसरलेले आहे. मुंबईत चेंबूरला १९२७ पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, पुण्यात येरवड्याचे जुने मैदान आहे आणि नव्या मुंबईत सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत मैदान केले आहे.

यांतील थंड हवेच्या ठिकाणांची मैदाने ध्यानात घेतली, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. गुलमर्गचे कुरण गोल्फच्या आधीही कुरणच होते. शिलाँगच्या दरीत गवत आपसूक वाढते, कारण तेथे पाऊस मुबलक आहे. साहेबाने तेथे हिरवळ निर्माण केली नाही, निसर्गाने केलेली हिरवळ त्याने खेळापुरती कापून घेतली. मैदानाचे सौंदर्य भूमीकडून आले आणि खेळातील कसही तिच्याकडूनच आला.

स्कॉटलंडचे माळरान

या खेळाचे माहेर स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज हे गाव. तेथील जुन्या मैदानाला साऱ्या जगातील गोल्फपटू पंढरी मानतात. ही पंढरी कशी वसली, हे मराठवाड्यातील माणसाने मुद्दाम जाणून घेण्यासारखे आहे. समुद्र आणि पिकाऊ जमीन यांच्या मधला वाळूचा, उंचसखल, खुरट्या गवताचा पट्टा स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणून ओळखला जातो. या जमिनीवर नांगर चालत नाही. मेंढ्या चारण्याखेरीज तिचा उपयोग नव्हता. मेंढ्यांनी गवत कुरतडून आखूड केले, वाऱ्याने वाळूचे खळगे कोरले आणि त्यावर माणसे खेळू लागली. स्कॉटलंडच्या राजाने १४५७ साली या खेळावर बंदी घातली, ती तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून याच नादी लागली म्हणून. अठरा गलींचा दंडक याच गावात १७६४ साली पडला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की हे मैदान कोणा श्रीमंताच्या क्लबाच्या मालकीचे नाही. ते सार्वजनिक आहे. पार्लमेंटने केलेल्या कायद्यान्वये १९७४ पासून एक न्यास त्याची व्यवस्था पाहतो. रविवारी एरवी तेथे खेळ बंद असतो आणि गावातील मुलेबाळे, म्हातारेकोतारे त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून फिरायला जातात.

आणखी एक तपशील भूगोलाच्या शिक्षकांना रुचेल. सेंट अँड्रूज परिसरात वर्षाकाठी जो पाऊस पडतो, तो लातूरच्या सरासरी पावसाहून अधिक नाही, किंबहुना थोडा कमीच आहे. मग तेथे बारमाही हिरवळ आणि येथे फाल्गुनातच माळ करपलेला, असे का? तेथे तो पाऊस बारा महिन्यांत विभागून पडतो आणि गार हवेत जमिनीतला ओलावा टिकतो. आपल्याकडे मृगापासून परतीच्या पावसापर्यंत जे काय पडायचे ते पडते आणि उरलेले आठ महिने ऊन त्याची वसुली करते. त्यातून आपली काळी जमीन. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर गोल्फचे बारमाही मैदान करायचे, तर वाळू आणून पसरावी लागते, खाली निचऱ्याचे नळ घालावे लागतात आणि वरून रोज पाणी मारावे लागते. म्हणजे भूमी असते ती झाकून परक्या भूमीचे सोंग उभे करावे लागते. ज्या खेळाचे सारे मर्म भूमीच्या स्वभावात आहे, त्याच खेळासाठी भूमीचा स्वभाव पुसून टाकावा, यापरती विसंगती कोणती?

दहा लाख लिटरांचा प्रश्न

आता पाण्याचा हिशेब मांडू. तो कोणताही विद्यार्थी करू शकेल. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात हिरवळ जिवंत ठेवण्यासाठी रोज पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले आणि अठरा गलींच्या मैदानात फक्त वीस हेक्टर हिरवळ भिजवायची असे मानले, तरी रोजचे पाणी दहा लाख लिटर होते. वैशाखातील आपले ऊन पाहता हा अंदाज हात राखूनच केलेला आहे. ग्रामीण भागात माणशी दररोज पंचावन्न लिटर पाणी पुरवावे, हे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या हिशेबाने एका मैदानाच्या एका दिवसाच्या पाण्यात अठरा हजार माणसांची गरज भागते.

लातूरकरांना याहून वेगळे माप ठाऊक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाणीसाठ्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरच्या फलाटाला लागली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे ही जलदूत गाडी पन्नास वाघिणींची झाली आणि एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. वर मांडलेल्या मैदानाच्या मोजमापाने पहिली गाडी अर्ध्या दिवसाची धनी आणि पन्नास वाघिणींची मोठी गाडी अडीच दिवसांची!

पहिली गाडी लातुरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. काही खेळपट्ट्यांचे पाणी वाचून मराठवाड्याची तहान भागणार आहे काय, असा सवाल तेव्हा क्रिकेटरसिकांनी केला होता. अंकगणित म्हणून तो चुकीचा नव्हता. परंतु सार्वजनिक व्यवहारात आकड्यांइतकाच अग्रक्रमही महत्त्वाचा असतो. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, एवढेच त्या आदेशाने सांगितले. हा प्रश्न काही आपल्यापुरताच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्स दुष्काळाने होरपळत होता. नागरिकांना बागेला पाणी घालण्याची मनाई असता गोल्फच्या ग्रीनना मात्र सूट मिळाली. तेव्हा तुलूझजवळ काही आंदोलकांनी मैदानांवरील गली चक्क सिमेंटने बुजविल्या. त्यांच्या मार्गाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण श्रीमंत देशातही हिरवळीचा रंग डोळ्यांत खुपू लागला आहे, हे त्यातून दिसले.

दुसरी बाजू

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मराठवाड्याचे पाणी गोल्फने प्यालेले नाही. ते प्रामुख्याने उसाने प्यालेले आहे. मांजराच्या खोऱ्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि टंचाईच्या वर्षांतही ऊस डोलत राहिला. तेव्हा उसाच्या फडाकडे पाठ फिरवून केवळ गोल्फच्या नावाने बोटे मोडणे हे ढोंग ठरेल. फरक इतकाच, की उसावर हजारो शेतकरी कुटुंबांची चूल पेटते आणि त्या पिकाची सवय मोडणे त्यांना आज परवडत नाही. नवे मैदान ही अशी लाचारी नव्हे. एका चुकलेल्या हिशेबावर दुसरा चुकलेला हिशेब रचावा, हे कोणत्या शास्त्रात बसते?

गोल्फमुळे रोजगार मिळतो, हा मुद्दाही फेटाळण्याजोगा नाही. माळी, मैदानाचे कामगार, हॉटेलातील नोकरवर्ग आणि खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी यांचे पोट या खेळावर चालते. कॅडीचे काम करीत खेळ शिकलेल्या दिल्लीच्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक हिचे पदक थोडक्यात हुकले आणि ती चौथी आली, तेव्हा तिची पिशवी सांभाळायला तिची आई होती. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने भारतातर्फे गोल्फ खेळले.

शिवाय या खेळाला एक नैतिक उंची आहे. खेळाडूच्या पाठीशी सदैव पंच उभा नसतो, आपली चूक आपणच सांगायची असते. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी, चेंडू किंचित हलल्याचे दुसऱ्या कोणाला दिसले नसताना, स्वतःवर एका टोल्याचा दंड लावून घेतला आणि अखेर ते विजेतेपदास मुकले. असा खेळ आपल्या मुलांनी खेळू नये असे कोण म्हणेल? आक्षेप खेळाला नाही. तो कोठे, कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या जमिनीवर खेळला जाणार, हा प्रश्न आहे.

जमीन कोणाची?

पाण्याइतकाच जमिनीचा प्रश्न बिकट आहे. गोव्याच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे महाराष्ट्राला लागून असलेले तेरेखोल हे चिमुकले गाव. १९५४ साली गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी येथील किल्ल्यावर तिरंगा फडकविला होता. गेल्या दशकात या गावाच्या पठारावर गोल्फचे मैदान आणि आलिशान विश्रामधाम यांची योजना आली. निसर्गसौंदर्य म्हणावे तर समुद्र, नदी आणि कडा तिन्ही एकत्र. प्रवासी गोल्फपटूला आणखी काय हवे? परंतु त्या पठारावर काजूच्या बागा होत्या आणि पिढ्यान् पिढ्या त्या राखणारी कुळे होती. त्यांनी विरोध केला आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत व न्यायालयापर्यंत गेले. नकाशावरच्या मोकळ्या जागेत माणसे राहतात, हे आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा येते.

आपल्याला जवळच्या हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यालगत गोल्फचे मैदान झाले. पाठीमागे कुतुबशाही तटबंदी आणि जवळच शतकांची साक्ष असलेली प्रचंड गोरखचिंच. या देखाव्याला तोड नाही. परंतु मैदानासाठी ऐतिहासिक भूमीची उलथापालथ झाली आणि सामान्य दर्शनार्थींची वाट अडली, अशी इतिहासप्रेमींची तक्रार आहे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीची कथा निराळी. डोंगरात वसविलेल्या त्या नगरीतही गोल्फचे देखणे मैदान होते. मालक उद्योगसमूहाच्या आर्थिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली त्या मालमत्तेच्या लिलावाचा आदेश दिला. एका धनवंताच्या भरवशावर उभा केलेला रोजगार त्याच्या ताळेबंदाबरोबर डळमळतो, हा त्यातला धडा.

मराठवाड्यात अशा योजनेसाठी पहिली नजर जाईल ती माळरानावर आणि गायरानावर, कारण कागदोपत्री ही जमीन पडीक असते. प्रत्यक्षात तिच्यावर गुरे चरतात, मेंढपाळ हिंडतात आणि भूमिहीन दलित कुटुंबे दोन-चार एकरांवर ज्वारी-तूर घेतात. त्यांच्याच हक्कासाठी १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला होता. सेंट अँड्रूजच्या माळावर मेंढपाळाला हुसकून खेळ आलेला नाही, मेंढ्यांच्या मागोमाग आला. आपल्याकडे तो मेंढ्यांना हाकलून येणार असेल तर त्याला विकास म्हणता येणार नाही.

तीन अटी

मग मराठवाड्याने या खेळाला कायमचे दार बंद करावे काय? तसे म्हणणे आततायीपणाचे होईल. परंतु तीन अटी घातल्या पाहिजेत. पहिली अट पाण्याची. धरणाचे, नदीचे किंवा विंधन विहिरीचे एक थेंबही मैदानाला मिळू नये. चंदीगडच्या मैदानाला शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते. नांदेडचे सांडपाणी गोदावरीत मिसळते, ही जुनी तक्रार आहे. ते आधी शुद्ध व्हावे, शेतीची आणि उद्योगांची गरज भागावी आणि नंतर उरले तर खेळाकडे वळावे.

दुसरी अट भूमीच्या स्वभावाची. कोरड्या मुलखात ग्रीनऐवजी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूची गोल जागा करण्याची पद्धत आपल्या देशात पूर्वीपासून आहे. तिला ब्राऊन म्हणतात. नऊ गलींचे लहान मैदान, मधे कुसळीचे गवत, बाभूळ आणि मुरुमाचे उंचवटे, पावसाळ्यानंतर हिवाळ्यापर्यंतचा हंगाम आणि उन्हाळ्यात विश्रांती. असे मैदान पुस्तिकेतील रंगीत चित्रासारखे दिसणार नाही, पण ते मराठवाड्याचे असेल. आव्हान शोधणाऱ्या प्रवाशाला ते नवीनही वाटेल, कारण हिरवा गालिचा त्याला जगभर मिळतो, बालाघाटाचा माळ मिळत नाही.

तिसरी अट लोकांच्या हक्काची. सरकारी जमीन वा सवलत मिळाली, तर गावातील शाळकरी मुलाला तेथे नाममात्र फीमध्ये खेळता आले पाहिजे. आपल्याच गावच्या माळावर आपला मुलगा पिशवी उचलण्यापुरताच जाणार असेल, तर ते मैदान आपले नव्हे.

या अटींवर कोणी भांडवलदार पुढे येईल की नाही, हे सांगवत नाही. न आल्यास आपले काही अडत नाही. नांदेडला श्री हुजूर साहिबच्या दर्शनासाठी जगाच्या कानाकोपऱ्यातून भाविक येतात. त्यांतील किती जण कंधारचा किल्ला आणि राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र पाहतात? होट्टलच्या मंदिरांपर्यंत किती जातात? १७६० च्या लढाईने इतिहासात नाव कोरलेला उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी आणि माहूरचा डोंगर यांना पाणी लागते ते येणाऱ्या माणसाला पिण्यापुरते. चांगला रस्ता, स्वच्छ निवास, जाणकार वाटाड्या आणि पिण्याचे पाणी एवढे दिले, तरी प्रवाशाला थांबवण्याजोगे आपल्यापाशी खूप आहे.

आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणूनच जगत्तुंग समुद्र खोदणाऱ्यांनी आधी पाणी अडविले आणि मग वैभव उभारले. विकासाचा तोच क्रम आजही बरोबर आहे. ज्या जिल्ह्याने आगगाडीतून आलेल्या पाण्यावर एक उन्हाळा काढला, त्याने कोणत्याही हिरव्या स्वप्नाला पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला पाहिजे आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरा विचारू नये.